ठकूबाईंनी मारलेली हाक

ठकूबाईंचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तो शाळेच्या पडवीत, नाटकाच्या तालमीला. लग्न होऊन मी महाडहून कुडपणला आले त्याला बरीच वर्षं झाली, पण तोवर ही बाई बोलते ती फक्त शेळ्यांशी, असाच माझा समज होता. दारात गेलं की खाली मान. नवरा कुठे म्हणून विचारलं तर त्यांना बरं नाय, एवढंच सांगायच्या. नवऱ्याला, म्हणजे तात्यांना, काय होतं ते अख्ख्या गावाला ठाऊक. दुपार कलली की बाटली, मग माणूस दिसेल तिथे आडवा. आम्हीही 'हो का' म्हणायचो आणि पुढे व्हायचो.

देवीच्या पालखीला आमच्याकडे नाटक होतं. बायकांच्या कामांना नटी बाहेरून आणायची पद्धत. यंदा आम्ही बायका हटून बसलो, आमची कामं आम्हीच करणार. आईच्या कामाला कुणी पुढे होईना, तेव्हा मागून ठकूबाई म्हणाल्या, मी करू का? मला तर हसूच आलं. पण बाई उभी राहिली आणि असं काही बोलली की खिदळणाऱ्या पोरी गप्प झाल्या. मग काय, सगळ्यांनी उचलूनच धरलं. शकू त्यांच्या शेळ्या बांधायची, चिमाबाई आपल्या चुलीवर त्यांचाही भात टाकायची, तालमीला उशीर नको म्हणून. पंधरवड्यात ठकूबाई चहा पाणचट झाला तर तोंडावर सांगायला लागल्या.

एकाच जागी गाडी अडायची. नाटक लिहिलेलं हर्षदनं, आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळातला पोरगा. दारुडा मुलगा अंगणात पडलाय, आई नावानं हाक मारते, "सखा, ऊठ," आणि तो उठतो. मुलगा हर्षद स्वतःच. ठकूबाई दर वेळी 'अरे बाळा' म्हणायच्या, नाहीतर 'अरे मेल्या'. प्रॉम्प्टर मी, माझं डोकं फिरायचं. दोन अक्षरं जिभेला जड होतात का, असं एकदा सगळ्यांदेखत टाकून बोलले. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? तात्यांचं खरं नाव सखा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही त्यांच्या पिढीची रीत, आणि अडचण सांगायची तर तेच नाव घ्यावं लागणार. त्यात नाटकात ते दारुड्याचं नाव, म्हणजे घरचं सगळं चव्हाट्यावर. काम हातचं जाईल ही धास्ती वेगळीच. मला हे तेव्हा कुठे माहीत. सगळा गाव त्यांना तात्याच म्हणतो.

पालखी देवळात बसली आणि नाटक सुरू झालं. तात्या पहिल्याच रांगेत, आणि चांगलेच घेतलेले. हर्षद ठरल्याप्रमाणे पडला. ठकूबाई आल्या, आणि गप्प. हर्षदही हट्टी, नाव घेतल्याशिवाय उठेना. मी पडद्याआडून सांगितलं, सखा म्हणा. मग जोरात सांगितलं, तर माइकनं ते साऱ्या मैदानाला ऐकवलं. म्हाताऱ्या बायकांत खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "घे गो नाव, तात्या पुढंच बसलाय." हशा उठला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ठकूबाईंचा चेहरा काळाठिक्कर पडला. आता या आत पळणार, मला वाटलं. पण त्या हर्षदला वळसा घालून स्टेजच्या कडेला आल्या आणि समोर बघून म्हणाल्या,

"सखा, ऊठ. घरी चल."

तात्या उठले. खुर्चीला धरून, झोकांड्या खात, पण उभे राहिले, हजेरीला नाव पुकारल्यावर पोर उभं राहतं तसे. हसणं बंद पडलं. लोक आपापल्या पायांकडे बघायला लागले. ठकूबाई खाली उतरल्या, नवऱ्याचा हात धरला आणि गर्दीतून चालू लागल्या. हर्षद तसाच पडून होता. पडदा पाडायला सांगायचं भानही मला राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं दार बंद. आम्ही बायका पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं दार उघडलं. डोळे सुजलेले. मी म्हटलं, काकी, माझ्यामुळं तुम्हाला चारचौघांत नाव घ्यावं लागलं, माफ करा.

"त्याची लाज नाय गो वैशाली," त्या म्हणाल्या. "मी ऊठ म्हटलं नि ते उठले. तेच डोक्यात बसलं हाय. इतकी वर्षं मी नुसतं पांघरूण घालत बसले. ऊठ म्हणायला माझं तोंड कुणी धरलं होतं?"