झिलईवाली उर्सुल

पॅरिसच्या सोनारगल्लीत उर्सुल बोंवार्लेइतकी संशयी बाई शोधून सापडली नसती. लार्देलच्या कारखान्यात तीस वर्षं ती तपकिरीच्या सोन्याच्या डब्यांना झिलई देत होती, आणि तीसही वर्षं इथे कोणीतरी चोर आहे असं तिला वाटत होतं. यंदा डब्या खरोखरच हलक्या भरू लागल्या, तेव्हा बाईंना चेवच चढला.

संशय अर्थातच जिनिव्हाहून आलेल्या जेदेओं नावाच्या प्रोटेस्टंट कारागिरावर. दोन मुलांचा बाप, मान खाली घालून झाकणांवर मीनाकारी करणारा. डबी त्याच्या भट्टीतून निघाली की हिच्याकडे यायची.

"आपल्या उपासाच्या शुक्रवारी बिनदिक्कत मटण हादडतो मेला," ती मालकांना म्हणाली, "त्याला चोरीचं पाप काय वाटणार?"

तो जवळून गेला की ती डबी एप्रनखाली झाकायची. त्याच्यासारखे गुलाब पॅरिसमध्ये कोणाला जमत नव्हते, हे तिला ठाऊक होतं. राग त्याचाच जास्त.

शेवटी मालक कंटाळले. "वर्षअखेरीला उलगडा झाला नाही तर त्याला काढतो. झालं समाधान?"

वर्षअखेरीला सगळ्यांचा केर, घासायच्या चिंध्या एकत्र जाळून राखेतलं सोनं काढायचा रिवाज. उर्सुल अडून बसली. "ज्याची त्याची राख वेगळी गाळा. ज्याच्या राखेत कमी निघेल, त्यानं घरी नेलं."

जेदेओंच्या राखेत बाकीच्यांइतकंच निघालं. उर्सुलच्या चिंध्यांतून जर्दाळूच्या बीएवढा गोळा निघाला, दरवर्षी साऱ्या कारखान्याचं मिळून निघायचं त्याच्या तिप्पट.

सोनं कोणी नेलंच नव्हतं. तिनंच ते घासून घासून चिंध्यांत उतरवलं होतं. मालक खोकले आणि दुसरीकडे बघू लागले. उर्सुलला इतकी लाज वाटली की दुपारचं सूप तसंच गार झालं.

मग ती हातातली डबी घेऊन उठली आणि जेदेओंपुढे उभी राहिली.

"बघ रे. चकाकी आली का? मला हल्ली दिसत नाही."

त्यानं डबी उजेडात धरलीसुद्धा नाही. "केव्हाच आलीय, उर्सुलबाई. मार्चपासून तुमच्या प्रत्येक डबीला ती केव्हाच आलेली असते. तरी तुम्ही घासतच असता."

"मग बोलला का नाहीस, मेल्या? तुझी नोकरी चालली होती!"

"बोललो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता?"

चोर स्वतःचं पाप म्हातारीच्या डोळ्यांवर ढकलतोय, असंच ती म्हणाली असती. तेही साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.