अंगठीवरचं हरीण

ठाण्यात संगमरवरावर नावं कोरायचं माझं दुकान आहे. कल्याणच्या रेल्वे कॉलनीतले एक म्हातारे अँग्लो-इंडियन गृहस्थ तिथे एकदाच आलेले. त्यांची बहीण नुकतीच वारली होती. तिच्या थडग्यावर त्यांना खापरपणजोबांच्या अंगठीवरचं घराण्याचं चिन्ह हवं होतं, ढालीवर उभं हरीण. बोलताना ते अंगठी सारखी शर्टाला पुसत होते.

“या चिन्हावरून बहिणीनेच इंग्लंडमधलं घराणं शोधलं, भाऊ. पत्र लिहिलं. उत्तर आलं, पण ती गेल्यावर.”

“काय लिहिलंय?”

“चिन्ह आमचंच, म्हणतात. पण ज्याची ही अंगठी, तो साहेब हिंदुस्थानात बिनलग्नाचा वारला, त्याला मूलबाळ नव्हतं. तुमचा आमचा संबंध नाही.”

मी विचारलं, “मग नुसतं नाव कोरू?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “हरीणही कोरा. तिला कुठे कळलंय?”

मी कोरलं. इतक्या वर्षांत एवढे दगड कोरले, पण आपण खरं कोरतोय की खोटं, हे मला त्या एकाच दगडापाशी ठरवता आलं नाही.