अमोन्ले डोंगरावर गेली नाही

माझी आजी अमोन्ले ग्रां-बसामला फ्रेंच साहेबांचे कपडे धुवायची. आमचं गाव तेव्हा त्यांच्या वसाहतीची राजधानी होतं. समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूवर त्यांनी दुमजली बंगले बांधले, आणि मागे पावसाच्या पाण्याची उघडी पिंपं मांडली.

१८९९ साली पिवळा ताप आला आणि साहेब पटापट मरू लागले. रुव्हिये नावाचा एक मिशाळ अधिकारी आजारी पडला, तेव्हा त्याचे जातभाई नाकाला रुमाल लावून दारातूनच चौकशी करत. आजीने नऊ दिवस त्याची ओकारी काढली. तो वाचला.

आणि उठून बसल्याबरोबर या शहाण्याने हुकूम काढला, रोग काळ्यांच्या झोपड्यांतून येतो, झोपड्या जाळा!

शिपायांबरोबर आका दुभाषी आला.

"मावशी, सामान काढ. साहेबांचा हुकूम आहे."

"कुठल्या साहेबांचा? परवापर्यंत ज्याचं ढुंगण मी पुसत होते, त्याचा?"

"मी नुसतं सांगतोय गं."

"सांग बाबा. तुला दुसरं येतंय काय!"

झोपडी जळाली. आत आजोबांची जाळी होती, तीही गेली. ताप मात्र तसाच राहिला. मग या शूरांनी ठरवलं की जागाच वाईट. दुसऱ्या वर्षी त्यांनी राजधानी खाजणापलीकडच्या डोंगरावर नेली. खुर्च्या, कागद, मेजं होड्यांत चढली, आणि ती पिंपंसुद्धा, तळाशी वळवळणाऱ्या अळ्यांसकट. डासांमुळे ताप होतो हे गोऱ्या डॉक्टरांना पुढे कळलं. तोवर आमची घरं राख झाली होती.

रुव्हियेला तिकडे नीट इस्त्री मिळेना. त्याने आकाला धाडलं.

"मावशी, चल ना. पक्कं घर देतो म्हणतात."

"त्याला म्हणावं, स्वतःचे सदरे स्वतः धू. हात काही झिजत नाहीत."

आजीने सरळ त्याच्याच रिकाम्या बंगल्यात बिऱ्हाड थाटलं आणि ओट्यावर मासे धुरवायला घातले. कुणी हटकलं नाही. हटकायला होतं कोण?

दोनेक वर्षांनी रुव्हिये मायदेशी जायला निघाला. बोट आमच्याच किनाऱ्यावरून सुटायची. फाटकाशी थांबून, टोपी काढून त्याने तिला नावाने हाक मारली. आजी मासे उलटत राहिली.

"आई, कोण गं तो?" माझ्या आईने विचारलं. ती तेव्हा लहान होती.

"कोणी नाही. धूर डोळ्यात जाईल, मागे सर."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग बोटीचा भोंगा झाला आणि तो गेला.