बाहेरची खेळाडू

आमच्या गावात मुलींचा कबड्डी संघ दर तीन-चार वर्षांनी मुळापासून उभा करावा लागतो, कारण त्यातल्या पोरींची लग्नं होतात. मुलांच्या संघाला म्हातारपण येतं, आमच्या संघाला लग्नसराई येते. गेल्या उन्हाळ्यात आमची कर्णधार, दोन्ही कोपरे सांभाळणाऱ्या आणि सगळ्यात चांगली चढाई करणारी पोर अशा चौघीजणी हळद लावून निघून गेल्या. मी सगळ्या लग्नांना जेवले आणि प्रत्येक वेळी घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, "लोकायच्या पोरीचं लग्न व्हाव का नाई?" व्हावं. पण पावसाळ्यानंतर मैदानावर उभ्या राहिलेल्या नव्या पोरींना मध्यरेषा कुठली नि निदानरेषा कुठली हे पहिल्यापासून मलाच शिकवायचं होतं, त्याला नाही.

मी गावातल्या शाळेत मराठी शिकवते. लग्नाआधी मी स्वतः खेळत होते, आणि सून म्हणून इथं आल्यावर मैदानाजवळून मुकाट्यानं जाणं मला जमलं नाही, म्हणून मुलींचा सराव माझ्या गळ्यात पडला. संघात कोण असावं हे मात्र मी ठरवत नाही. ते ठरवतात क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, ज्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि वस्ताद, जे तरुणपणी खेळायचे आणि गुडघा गेल्यापासून फक्त बोलतात. दोघंही माझं काम असलं की मला 'मॅडम' म्हणतात आणि मला गप्प करायचं असलं की 'सूनबाई'.

दसरा झाला की ही निवड देवळाच्या सभामंडपात होते. हिवाळ्यात तालुक्यातल्या गावांचे सामने असतात, त्यांचे नियम सोपे आहेत. प्रत्येक संघाला आपल्या गावच्या मुलींसोबत एक बाहेरची खेळाडू घेता येते. तिच्या राहण्या-जेवणाची सोय जे गाव करेल त्या गावाकडून ती खेळते. शिवाय आपल्या गावची एखादी मुलगी दुसऱ्या संघाला देऊन तिच्या बदल्यात त्यांची एक घेता येते. टीव्हीवर खेळाडूंचे लिलाव पाहून पाहून आमच्या मंडळाला या अदलाबदलीचं भलतंच वेड लागलं आहे. एक पोर केनवडला द्या, त्यांची ही घ्या, ती शिरपूरला देऊन त्यांची ती घ्या. पोरींना कुणी विचारत नाही. बाजारात बैलजोडी बघायला गेलेली माणसंसुद्धा बैलाच्या तोंडाकडे एकदा बघतात.

या वेळी वाद दोन पोरींवर होता. पहिली शिरपूरची, उंच, चढाई करणारी. तिचे व्हिडिओ वस्तादांच्या मोबाईलवर होते आणि ते सगळ्यांना दाखवून झाले होते. दुसरी आमच्या तांड्यावरची. तांडा नाल्यापलीकडे आहे, ग्रामपंचायत आमचीच, मतदान आमच्याच शाळेत. ही पोर बारावीत, अंगानं काटकुळी, डाव्या कोपऱ्यावर खेळणारी. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा तिच्या हातात गेला की सुटत नसे. चाचणीच्या दिवशी मैदानाच्या कडेला सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पडलं होतं. तिनं आमच्या जुन्या खेळाडूला घोट्याला धरून त्या कुटारात लोळवलं, उठवलं, तिच्या केसातलं कुटार काढून दिलं आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. मला ती तिथंच आवडली.

तिच्यासाठी हा प्रश्न खेळाचा नव्हताच. तिचे आई-बाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परत येतात. मागं घर सांभाळणारी आजी होती, ती वारली. आता एकट्या पोरीला तांड्यावर ठेवायला बाप तयार नव्हता, आणि त्याचं त्यात चुकत नव्हतं. तो मला शाळेच्या फाटकाशी भेटला तेव्हा सरळ बोलला. "मॅडम, गावानं तिले संघात घेतलं, राह्याची सोय केली, तं मी तिले ठेवतो. नाई तं सोबत नेतो. बारावीचं मंग पाहू." ते 'मंग पाहू' म्हणजे काय असतं हे मला ठाऊक होतं. माझ्या वर्गातल्या अशा कितीतरी पोरी अजून फडातच आहेत.

म्हणून मी सभामंडपात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. मी म्हणाले, "दोघीही घ्या. तांड्यावरची आपल्या गावची म्हणून, शिरपूरची बाहेरची म्हणून. यात वाद कशाला हवा?"

अध्यक्ष हसले. "मॅडम, तांडा म्हंजे गावात थोडी येते."

"मतं मागायला जाता तेव्हा येतो का?"

"सूनबाई," वस्ताद म्हणाले, "ते वेगळं. संघ म्हंजे गावचा."

मी ग्रामपंचायतीची हद्द सांगितली. शाळेच्या पटावर गाव कोणतं लिहिलंय ते सांगितलं. दोघांनी मान डोलावली, चहा मागवला आणि पुन्हा तेच म्हणाले, ती बाहेरची. समोरचा माणूस भांडला तर मला बोलता येतं, पण असा समजूतदारपणे हसणारा माणूस भेटला की माझी जीभच जड होते.

तरी मी हटले नाही. म्हटलं, ठीक आहे, बाहेरची म्हणूनच घ्या, शिरपूरची सोडून द्या. शिरपूरच्या मुलीला तिचं गाव आहे, आई-बाप घरी आहेत, तिचं काही अडत नाही. वस्तादांनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "घेऊ. पण मंग राह्याची पाळी लावा लागन."

पाळी ही आमच्या गावची जुनी आणि खरंच चांगली रीत आहे. बाहेरची खेळाडू एका घरी राहत नाही. आठवडाभर एका घरी, पुढचा आठवडा दुसऱ्या घरी. ज्या घरी असेल त्या घरची ती लेक. हंगाम संपला की तिला साडी-चोळी करून पाठवतात. मागे एक पोर आली होती तेव्हा पाळीसाठी घराघरांत भांडणं झाली, दोन जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं, कारण एकीच्या वाट्याला दिवाळीचा आठवडा आला होता.

या वेळी मी घरोघर फिरले. पहिल्या घरी लेक बाळंतपणाला आलेली. दुसऱ्या घरी रंगकाम काढायचं होतं, भिंतीला पोपडेसुद्धा नव्हते. तिसऱ्या घरी पाहुणे येणार होते, केव्हा ते त्यांनाच माहीत नव्हतं. एका बाईनं तर मला ओट्यावर बसवून चिवडा दिला, पोरीच्या खेळाचं तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाली, "आमच्यात सोवळं फार, तिलेच अवघड होईन." तिच्या घरी मी आजवर सोवळं पाहिलेलं नाही. कुणी वाईट बोललं नाही, कुणी तांड्याचं नाव काढलं नाही. गोड बोलून बोलून त्यांनी मला दारातून परत लावलं.

मी अध्यक्षांच्या दुकानात जाऊन सांगितलं, "ती माझ्या घरी राहील. अख्खा हंगाम." माझ्या सासूबाईंनी आधीच होकार दिला होता, तोही एका वाक्यात: "राहू दे, भाकरी काय मोजून टाकतो का आपण."

"एकाच घरी राह्यली तं ते तुमची होईन, गावाची नाई," अध्यक्ष म्हणाले. "रीत मोडता येत नाई, मॅडम." जी रीत त्यांनी सगळ्यांनी मिळून नुकतीच मोडली होती, तिच्याच नावानं ते मला नाही म्हणत होते. खताच्या पोत्यांमध्ये उभी राहून मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दुकानातली गिऱ्हाइकं मात्र बाहेर जाऊन थांबली.

दोन दिवसांनी वस्तादांनी डोकं चालवलं. रिसोडच्या संघाकडे एक चढाई करणारी होती, ती त्यांना हवी होती. रिसोडला कोपरा हवा होता. "पोट्टी आपण घेऊ," ते म्हणाले, "अन् रिसोडले देऊन त्यायची घेऊ. बाहेरची जागा शिरपूरवालीले. एका दगडात काम झालं." अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. जिला ठेवायला गावात एक खाट मिळाली नव्हती, तिच्या बदल्यात त्यांना तालुक्यातली चांगली खेळाडू हवी होती. मी गप्प राहिले. रिसोडला मुलींच्या राहण्याची सोय आहे हे मला माहीत होतं, आणि पोर फडात जाण्यापेक्षा कुठंही गेलेली मला चालणार होती.

रिसोडला सगळ्या गावांची बैठक झाली. अध्यक्ष इस्त्रीचे कपडे घालून गेले, वस्ताद नि मी मागच्या खुर्च्यांवर बसलो. आमची पाळी आली तेव्हा ते उठून म्हणाले, आमच्याकडे डाव्या कोपऱ्याची एक नंबर खेळाडू आहे, ती आम्ही बदलीत देतो. रिसोडच्या संघाला शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, आवाज खणखणीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावचीच आहे न ते?"

इथं माणसानं नुसतं हो म्हणायचं असतं. पण इतके दिवस ज्या शब्दाचा सराव केला तोच तोंडात आला. "नाई, तांड्यावरची हाय," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरची."

"मंग बदलीत कशी देता? बदलीत आपल्या गावची देतेत. बाहेरचीले जे ठेवन, ते त्याची." बाईंनी लगेच दुसरा प्रश्न टाकला. "तुमच्याकडं कोणाच्या घरी ठेवली तिले?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मंग आमी ठेवतो," बाई म्हणाल्या. अध्यक्ष गडबडीनं सांगायला लागले, तांडा आमच्याच ग्रामपंचायतीत येतो, शाळेच्या पटावर आमचंच गाव आहे, ती आमचीच पोर. माझंच सगळं बोलणं, माझ्याच क्रमानं. पण आता ते ऐकून बैठकीतली माणसं हसत होती, कारण बाहेरची हा शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं भरसभेत सांगितला होता. पोर गेली, बदल्यात काहीच आलं नाही. परतताना जीपमध्ये वस्ताद म्हणाले, "सूनबाई, तुमी तवाच बोलाव लागत होतं." मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की पुढं गाव येईपर्यंत ते बाहेरच बघत बसले.

दिवाळी झाली, ट्रक आले, तिचे आई-बाप भांडीकुंडी घेऊन फडावर गेले आणि ती पुस्तकांची पिशवी घेऊन रिसोडच्या एसटीत बसली. शिरपूरच्या मुलीसाठी घराघरांच्या पाळ्या मात्र आमच्या गावात थाटात लागल्या. रंगकाम निघालं नाही, पाहुणे आले नाहीत, बाळंतपणाच्या घरातसुद्धा तिच्यासाठी वेगळी खोली निघाली. ती पोर गुणी आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण ज्या ओट्यावर मी चिवडा खाल्ला होता तिथं ती गरम पुरणपोळी खाताना दिसली आणि मी रस्ता बदलून घरी गेले.

सामन्यांत आम्ही लवकर हरलो. रिसोडचा संघ जिंकत जिंकत जिल्ह्याला गेला आणि वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, मातीत लोळत दोन्ही हातांनी कुणाचा तरी घोटा धरलेला. दुसऱ्याच दिवशी आमच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला. 'आमच्या गावची सुकन्या' अशी मोठी अक्षरं, शेजारी अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, आणि कोपऱ्यात तिचा. गावात ती आता सगळ्यांची लेक झाली. सभामंडपात संध्याकाळी सत्कार ठरला, जेवण ठेवलं, आणि तिला बोलावण्याचं काम साहजिकच मॅडमकडे आलं.

मी फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, कार्यक्रम संपस्तोर शेवटची गाडी निंघून जाईन. तांड्यावर घराले कुलूप हाय. रात्री कोणाच्या घरी राहू?"

"माझ्या घरी."

"तुमच्या घरचं मले माहीत हाय," ती म्हणाली. "मी गावाले विचारून राह्यली."

तो प्रश्न मी जसाच्या तसा अध्यक्षांपुढे ठेवला. वस्ताद तिथंच होते, आणखी पाच-सहा घरची माणसं होती, शालीचा रंग कोणता घ्यावा यावर बोलणं चाललं होतं. मी म्हणाले, पोर विचारते, रात्री कोणाच्या घरी राहू. मी मुद्दाम एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. मग अध्यक्षांचा चेहरा एकदम उजळला.

"त्यात काय येवढं," ते म्हणाले. "कार्यक्रम दुपारी घेऊ. पाचच्या गाडीनं जाईन ते आरामात."

वेळ बदलल्याचा निरोप तिथल्या तिथं गावाच्या ग्रुपवर गेला, आणि ज्या ज्या घरांच्या दारातून मी परत आले होते त्या सगळ्या घरांनी खाली टाळ्या वाजवणारे हात टाकले. मी तिला पुन्हा फोन केला. वेळ का बदलली तेही सांगितलं, काही लपवलं नाही.

"दुपारी माहा अभ्यास असते, मॅडम," ती म्हणाली. "पेपर जवळ आले. येणं नाई होत."