अँड्रोमेडाचं नाक

थिर्झा मज हिने आईला चक्क थाप मारली होती, की चित्रकार आपला फक्त चेहरा काढतो. खरं तर अख्खा हिवाळा ही लंडनच्या बॅटर्सी वस्तीतली पोर चित्रकार रॅथबोर्नसाहेबांकडे उघड्या अंगाने, हात वर कडीला बांधून उभी होती. चित्र अँड्रोमेडाचं, म्हणजे समुद्रातल्या राक्षसाला बळी द्यायला खडकाशी जखडलेली ग्रीक पुराणातली राजकन्या. शेगडी मात्र साहेबांच्या पायाशी, बरं का! राजकन्येने कुडकुडायचं.

आई चर्चला जाणारी, कडक बाई. "चित्रवाल्यांकडे जाणारी पोर माझी नव्हे," म्हणत तिने दार लावून घेतलं. तेव्हापासून थिर्झा भाड्याच्या खोलीत एकटी चहात पाव बुडवून खायची. बोलायला कुणी नाही. जीव नुसता तुटायचा तिचा. तिला घरी जायचं होतं, बस्स.

मे महिन्यात चित्र प्रदर्शनात लागलं, तशी तिने आईला गळ घातली. "एकदा बघ तरी. तोंड माझं, अंग दुसरीचं. असंच करतात गं ते." करतातही. सगळी भिस्त त्यावरच होती.

आई रविवारची टोपी घालून आली. दोघी गर्दीतून वाट काढत चित्रापाशी पोचल्या. साहेबांनी तिचं बसकं लंडनी नाक, डोळे, ओठ, सगळं पुसून कुण्या इटालियन पोरीचा चेहरा बसवला होता. मानेखालचं तेवढं थिर्झाचं.

"कुठंय तू?" आईने विचारलं. "ही तर कोण परकी बया आहे!"

"आई, ऐक ना..."

"काय ऐकू? चित्रात तू नाहीसच. मग हिवाळाभर कुठे जात होतीस, थिर्झे? कुणाकडे?"

गप्प राहावं तर आई भलतंच धरून बसणार.

"खाली बघ," थिर्झा कसंबसं म्हणाली. "ते अंग माझं आहे. उभी राहिले फक्त, आई. दुसरं काही नाही गं."

आईने बघितलं. लहानपणी न्हाऊ घातलेलं अंग ते. तिला ओळखायला कितीसा वेळ लागणार? तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने शाल आवळून घेतली.

"तोंड तुझं नाही, तेवढी देवाची कृपा," ती हळूच म्हणाली, आणि मागे न बघता जिना उतरून गेली.

थिर्झा तिथेच उभी राहिली.

"काय गोड चेहरा आहे हो!" मागून एक बाई म्हणाली. "अहो, जरा बाजूला होता का? दिसत नाहीये."

थिर्झा बाजूला झाली.