भाषांतरात गाळलेलं वाक्य

दुपारची जेवणं उरकली आहेत. परतवाड्याजवळच्या त्या प्रशिक्षण केंद्रात या वेळी सामसूम असते. सुवार्तेच्या सेवेसाठी मेळघाटातल्या गावांत जायची तयारी करणारी पोरं-पोरी आपापल्या खोल्यांत पडली आहेत, आणि त्यांच्या शिक्षिका सलोमी अमोलिक वर्गाशेजारच्या खोलीत लोखंडी खाटेवर आडव्या झाल्या आहेत. वय एकोणसाठ. एकवीस वर्षं शिकवून आवाज बसलाय, कंबर धरलीय. पाच वाजता समितीची बैठक आहे आणि चार मुलांच्या पाठवणीच्या पत्रांवर त्यांची सही हवी आहे. पाच मिनिटं डोळे मिटू, असं म्हणून त्या कूस बदलतात. पंखा कुरकुरतो. हळूहळू ती कुरकुर फळ्यावर खडू घासल्यासारखी ऐकू यायला लागते. अमोलिकबाई मान वर करून बघतात, तर फळ्यापाशी थांगा सर उभे आहेत.

थांगा सरांना जाऊन दहा महिने झाले. मिझोरमचा माणूस, सुट्टीत गावी गेला तो तिथेच हृदयविकाराने गेला. बाईंना मातीलाही जाता आलं नव्हतं. एकोणीस वर्षं दोघांनी एकाच वर्गात शिकवलं. मराठी, तमिळ, मिझो मुलं एका खोलीत राहायला शिकली पाहिजेत, बाकीचं नंतर, असं ते म्हणायचे.

"बसा, बाई," सर म्हणतात, आणि गालात हसतात. 'बाई' म्हणजे त्यांच्या मिझो भाषेत उकडलेल्या पालेभाजीचं कालवण. पहिल्या दिवसापासून हा शब्द उच्चारताना त्यांना हसू आवरत नसे.

बाई बाकावर बसतात. बाकाखालची फरशी ओली आहे.

"तुम्ही मराठीत बोलताय, सर."

"हो."

"कधी शिकलात?"

"कळायला लागलं तिसऱ्या-चौथ्या वर्षीच. बोलायची लाज वाटायची. तुमचा तो 'ळ' काही केल्या जमेना."

सरांना मराठी कळत होती, तर मग ती बैठकही कळली असणार.

आणि वर्ग आता बैठकीची खोली झालेला आहे. तेच लांब टेबल, पण ते दाराबाहेर निघून पार नदीपर्यंत गेलंय आणि त्याचं पुढचं टोक पाण्यात बुडालंय. दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी समिती बसली होती. राहात्याचा प्रशांत भिंगारदिवे आणि मिझोरमचा झोवा, या दोघांना एका कोरकू गावात पाठवायचं ठरत होतं. शिक्षण निम्मंच झालेलं. सर इंग्रजीत बोलत, बाई ते मराठीत समितीला सांगत. त्या दिवशी सर म्हणाले होते, "यांना पाठवू नका. अजून सहा महिने एका चुलीवर रांधू द्या. माझी याला संमती नाही." तीन तास झाले होते. बाईंचं डोकं उठलं होतं. बाहेरून आलेल्या माणसाचा नकार समितीला झोंबेल, उगाच फाटे फुटतील, असं वाटून त्या म्हणाल्या होत्या, "सर म्हणतात, मुलांसाठी आपण सगळे प्रार्थना करू या."

सर्वांनी माना खाली घातल्या होत्या. सरांनीही.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" बाई विचारतात. रागावायचं त्राणही त्यांच्यात नाही.

"सगळ्यांपुढे तुम्हाला खोटं पाडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी एका वर्गात कसे उभे राहिलो असतो?"

"म्हणून गप्प बसलात?"

"तुम्ही माझा नकार गिळलात. मी तुमचं खोटं गिळलं. आपलं फार छान जमतं, असं लोक म्हणायचे."

टेबल संपतं आणि एक झोपडी लागते. आत दोन चुली आहेत, दोन हातांच्या अंतरावर. बाई या झोपडीत कधीच आल्या नव्हत्या, तरी ओळखतात. झोवाच्या सुकवलेल्या मासळीच्या वासाने प्रशांतला मळमळायचं. तो नाक दाबून काहीबाही बोलायचा. चौथ्या महिन्यात दोघांचं बोलणं बंद झालं आणि चुली वेगळ्या झाल्या. पुढे झोवा तापाने फणफणला. सहा दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. प्रशांतला वाटलं, रुसलाय. सातव्या दिवशी गावातल्या एका बाईने आरडाओरडा केला, म्हणून पोरगा वाचला. नंतर झोवा गावी गेला, तो आजतागायत फोन उचलत नाही. प्रशांतने सेवा सोडली.

भिंतीपाशी कुणीतरी झोपलंय. बाईंना त्याच्या कपाळावर हात ठेवायचा आहे, पण हात उचलवत नाही, इतका शीण भरलाय.

"हे माझ्यामुळे झालं," त्या म्हणतात.

"माझ्याही," सर म्हणतात. "मला कळलेलं होतं, आणि मी गप्प होतो. मला समितीपुढे उठता येत होतं. मोडकंतोडकं का होईना, मराठीत."

"मला माफ करा, सर."

"केलं. तेव्हाच केलं होतं. पण ते आपल्या दोघांतलं. या चार पोरांना त्याचा काय उपयोग?"

झोपडीच्या दाराबाहेर आता उंच डोंगर आहेत आणि कडेकडेला धुकं. सरांच्या गावचे असावेत. सर वाकतात, बाईंच्या पदराचं टोक हातात घेतात आणि त्याला गाठ मारतात, घट्ट, दोनदा फिरवून.

"तुम्हीच शिकवलंत ना पोरांना? विसरू नये म्हणून बायका अशी गाठ मारतात."

"पळ काढायचा नाही, असंच ना?"

"'पळ'," सर सावकाश म्हणून बघतात. या वेळी 'ळ' नीट येतो.

"अमोलिकबाई?"

दारावर टकटक होते. समितीचे अध्यक्ष उजागरे आत डोकावतात. हातात पत्रं आहेत. "झोपमोड केली. बैठकीआधी सही तेवढी झाली, तर पाचला लगेच मोकळे होऊ. वेळापत्रक ठरलंय, पेन्टेकॉस्टच्या सणाला पोरं निघतील."

बाई उठून बसतात. तोंडाला कोरड पडली आहे.

"उजागरेसाहेब, झोवा आणि प्रशांतच्या वेळी थांगा सर प्रार्थना करू या म्हणाले नव्हते. ते नाही म्हणाले होते. मी तुम्हाला वेगळं सांगितलं."

उजागरे दारातच थबकतात. "बाई, हे आता...?"

"आता. पाच वाजता सगळ्यांसमोर पुन्हा सांगेन. या चौघांनाही आणखी सहा महिने इथेच ठेवायचं, असं माझं म्हणणं आहे. मी सही करणार नाही."

उजागरे हातातली पत्रं मिटतात. मग खुर्ची ओढून बसतात. "नेमकं काय म्हणाले होते ते?" त्यांचा आवाज खाली आलेला असतो. "शब्दन् शब्द सांगा."

बाई सांगायला तोंड उघडतात, आणि घाम टिपायला पदर वर घेतात. टोकाला गाठ आहे. घट्ट, दोनदा फिरवलेली. नखाने उकलून बघतात, उकलत नाही. तशीच मुठीत धरून त्या सांगू लागतात.