भगरीतला गुलाबी दगड

“थुंक आधी,” मी म्हणाले. जाऊनं गिळलं.

फोन माझ्या हातात होता आणि त्यातून नात ओरडत होती. “आज्जी, ते मीठ नाहीये! तो दगड आहे! कोणी खाल्लं? किती खाल्लं?” जाऊच्या ताटातली भगर संपत आली होती. माझ्या ताटात बरीच उरली होती. मला भगर आवडत नाही. एकादशीला पोटात काहीतरी ढकलायचं म्हणून मी चार घास खाल्ले होते. दाताखाली कचकच आली तेव्हा मी म्हणाले होते, “नीट निवडली नाय का?” त्यावर जाऊ म्हणाली होती, “तुमचेच दात खराब झालेत, अक्का.”

ही माझी धाकटी जाऊ. आम्हा दोघींचे नवरे भाऊ होते, दोघंही गेले. बिडकीनच्या घरात आम्ही दोघी राहतो. तिच्या मुलाची मुलगी आमच्याजवळ राहते आणि शहरातल्या कॉलेजात दगडांचं शिकते. मी चौथीपर्यंत शिकले. जाऊ शाळेत गेलीच नाही. दगड शिकायला कॉलेज लागतं हे आम्हा दोघींनाही ती पोरगी तिथं गेली तेव्हाच कळलं.

आमच्या भागात विहीर खोदताना खडकाच्या पोटातून गारगोट्या निघतात, पांढऱ्या, हिरवट, काही चमकणाऱ्या. परदेशातल्या लोकांना त्यांचं वेड आहे म्हणे. नातीच्या सरांनी अशा काही गारगोट्या कुठल्याशा बर्फाच्या मुलखात पाठवल्या आणि बदल्यात तिकडून एक फिकट गुलाबी खडा आला. पाठवणाऱ्यानं एवढंच कळवलं होतं की हा टायटॅनियमचा सिलिकेट आहे, दुर्मिळ आहे, नेमका कोणता ते तुम्ही ओळखा. ओळखायचं काम सरांनी नातीला दिलं. तिनं खडा घरी आणला, भिंग लावून पाहिला, धुतला, वाटीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवला आणि सकाळी बस पकडायला पळाली. मग दुपारी तिला आठवण झाली. वाटी हलव, बकरीबिकरी तोंड घालील, हे सांगायला तिनं फोन केला होता.

बकरीनं घातलं असतं तर बरं झालं असतं.

उपवासाला आमच्याकडे साधं मीठ चालत नाही, शेंदेलोण लागतं, आणि शेंदेलोण गुलाबी असतं. घरातलं संपत आलेलं. जाऊला वाटीत गुलाबी खडा दिसला. तिला वाटलं, पोरीनं आठवणीनं आणलं. तिनं थोडा तुकडा काढून खलबत्त्यात जिऱ्याबरोबर कुटला, भगरीत घातला, चव घेतली. आळणी. आणखी कुटला. तरी आळणी. “आजकाल शेंदेलोणबी भेसळीचं,” असं म्हणत तिनं सगळा खडा कुटला, त्यातच डब्याच्या तळाशी होतं ते खरं शेंदेलोण झटकलं, आणि मग कुठं तिला चव लागली. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. सगळं माझ्यासमोर झालं. मला काहीच वेगळं वाटलं नाही.

मी जाऊच्या घशात बोटं घालणार होते. नात फोनवरून म्हणाली, “उलटी काढू नको, टोकदार कण असतील तर आतून कापेल. सरळ दवाखान्यात घेऊन ये. मी तिथंच येते.”

कोणाला साप चावला की आमच्याकडे माणसाबरोबर मारलेला साप पण दवाखान्यात नेतात, डॉक्टरला दाखवायला. मी तसंच केलं. खलबत्ता न धुता पिशवीत घातला, भगरीचं पातेलं झाकण बांधून घेतलं आणि शेजारच्याला रिक्षा काढायला लावली.

पैठण रोडला ट्रकांची रांग होती. जाऊ कण्हत नव्हती, रडत नव्हती, फक्त पोटावर हात ठेवून बसली होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली. ही बाई काटा टोचला तरी गल्ली गोळा करते.

“अक्का, एकादशीला मेलं तर चांगलं असतंय म्हणत्यात.”

“गप बस.”

“मी म्हणलं आपलं.”

“तू मेलीस तर त्या पोरीनं तोंड कुठं लपवायचं? आजीला दगड चारला म्हणून गावभर होईल.”

“तिनं कुठं चारला? मीच खाल्ला,” जाऊ म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तिला कोणी बोलायचं नाय, सांगून ठेवते.”

सरकारी दवाखान्यात भगर हा शब्द ऐकताच टेबलामागच्या पोरगेल्या डॉक्टरनं मानही वर केली नाही. दर उपवासाला भगर बाधलेली माणसं येतात. त्या दिवशी बाकांवर तशी बरीच बसली होती, कोणी घाम पुसत, कोणी बादलीत तोंड घालून.

“भगरीची विषबाधा. सलाईन लावा. पुढचे.”

“भगरीनं नाय, दगडानं,” मी म्हणाले.

“खडे लागतात भगरीत, आजी. खड्यानं कोणी मरत नाही.”

मी खलबत्ता काढून त्याच्या टेबलावर ठेवला. मागची माणसं हसली. एकजण म्हणाला, “मावशी चटणी घेऊन आल्यात.” डॉक्टरही हसला, आणि एवढ्यात नात धापा टाकत आली.

तिनं सांगितलं तेव्हा तो हसायचा थांबला. पण त्यानं विचारलेलं अगदी साधं होतं. “कोणता दगड?”

“तेच ओळखायचंय, सर,” पोरगी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

खाटा कमी होत्या. मीही चार घास खाल्ले हे मी लपवलं नव्हतं, म्हणून आम्हा दोघींना एकाच खाटेवर टाकलं, तिचं डोकं उशाला, माझं पायथ्याला. दोघींच्या छातीवर वायरी चिकटवल्या. रक्त काढून नेलं. नात मधे उभी राहिली.

मी तिला म्हणाले, “रडू नको. नीट सांग. टायटॅनियम मला ठाऊक आहे. शेजारणीच्या मांडीत त्याचीच सळई घातलीय, ती माझ्यापेक्षा भरभर चालते. आणि ते दुसरं काय?”

“सिलिकेट. म्हणजे वाळूच्या जातीचं, आज्जी.”

“मग सळई नि वाळू. भ्यायचं कशाला?”

“ते दोन तर त्या कुळातल्या सगळ्यांत असतात. तिसरं कोण आहे त्यावर सगळं आहे.” तिनं ओढणीनं नाक पुसलं. “तिसरा सोडियम असेल, तर तो मिठात असतो तोच. काही होणार नाही, वाळूसारखं बाहेर पडेल. पण त्याच कुळात काहींच्यात बेरियम असतो. तो रक्तात गेला तर हातपाय लुळे पडतात. हृदय…”

“बघून कळत नाय?”

“गुलाबी आहे, काचेसारखा चमकतो, ठिसूळ आहे. एवढ्यावर नाही ठरत. रंग तर खोटाच असतो.” मग ती जाऊकडे वळली. “धाकटी आज्जी, कुटताना तो कसा फुटत होता? पापुद्रे निघत होते का लांब काड्या?”

जाऊनं डोळे न उघडता विचार केला. “दगडावाणी फुटत व्हता,” ती म्हणाली.

आमच्या भावकीत असंच आहे. आडनाव सगळ्यांचं एक, आणि त्यातलं एक घर असं की तिथं कोणी मुलगी देत नाही. आडनाव सांगून काही कळत नाही, घर सांगावं लागतं. दगडांतही तसंच असेल तर पाठवणाऱ्यानं आम्हाला नुसतं आडनाव कळवलं होतं.

डॉक्टर परत आला तेव्हा नातीनं त्यालाही बेरियमचं सांगितलं. त्याचा चेहरा एकदम सैल पडला. “बेरियम? अगं, पोटाचे फोटो काढायला आम्हीच बेरियम पाजतो पेशंटला.”

“सर, ते पाजता ते विरघळत नाही, म्हणून चालतं. हा पोटातल्या ॲसिडमध्ये विरघळतो की नाही, मला माहीत नाही.”

डॉक्टरनं पुन्हा वायरींच्या यंत्राकडे पाहिलं, सिस्टरला बाजूला नेऊन काही सांगितलं आणि त्यानंतर तो आमच्या खाटेपासून फार लांब गेला नाही. पोटात तेजाब असतं हे मला त्या दिवशी कळलं. सत्तरी ओलांडली तोवर मी ते पोटात घेऊन फिरत होते.

खडा ओळखायला खडा हवा, आणि खडा तर सगळा कुटलेला. तेव्हा खलबत्त्याकडे बघून कोणी हसलं नाही. नातीनं नळाखाली त्यात पाणी घातलं आणि हलक्या हातानं हलवलं. जिरं वर आलं, ते तिनं ओतलं. शेंदेलोण पाण्यात विरघळून गेलं. तळाला फिकट गुलाबी गाळ बसला, चिमूटभर. पुन्हा पाणी घातलं, पुन्हा ओतलं. गाळ तसाच राहिला. दगड साध्या पाण्याला दाद देत नव्हता. तेजाबाचं मात्र सांगता येत नव्हतं. तिनं तो गाळ कागदात घेतला. कॉलेजात भुकटीवर किरण सोडून आतली मांडणी दाखवणारं यंत्र आहे आणि आत कोणकोण आहे ते सांगणारंही आहे, असं तिनं घाईघाईनं सांगितलं.

“बाबांना फोन करू का?” जाता जाता तिनं विचारलं. तिचा बाप पुण्याला असतो.

“आधी घर कळू दे,” मी म्हणाले. “मग कर.”

“कुणाचं घर?”

“दगडाचं. जा तू.”

ती गेली आणि आम्ही पडून राहिलो. यंत्र टुकटुक करत होतं. दोन यंत्रं होती, एक तिचं, एक माझं, आणि कोणतं कोणाचं ते मला कळत नव्हतं. एक मधेच जरा जोरात वाजायचं, मग मी जाऊचा पाय दाबायची.

“काय हाय?”

“काय नाय. जिवंत हायस का बघतेय.”

“माझं नख वाढलंय, टोचल. हात काढा.”

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “अक्का, हाताला मुंग्या आल्यात. बोटं माझी मला लागंनात.”

मी सिस्टरला इतक्या जोरानं हाक मारली की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. डॉक्टर धावत आला. त्यानं जाऊला हात दाबायला लावला, पाय उचलायला लावला, पुन्हा रक्त काढलं. बेरियम भिनला की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ते अजून ठीक आहे म्हणाला. तो ‘अजून’ मला आवडला नाही. मुंग्या भीतीनंही येतात, असंही तो म्हणाला. माझ्याही छातीत धडधडत होतं. ते दगडानं की भीतीनं, मला सांगता येईना. मी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, मलाही आत्ता सांगता येणार नाही. खरं बोलला, म्हणून मला त्याचा राग आला नाही.

जाऊचं आणि माझं कधी पटलं नाही. चुलीवरून, पाण्यावरून, नवऱ्यांवरून, नवरे गेल्यावर त्यांच्या फोटोंच्या जागेवरून आम्ही भांडलो. पण त्या खाटेवर मी एकच गोष्ट मनात घोकत होते, की हिला काही झालं तर ती पोरगी आयुष्यात पुन्हा दगड हातात धरणार नाही, आणि कोणाच्या ताटात काही वाढणारही नाही. जाऊही तेच घोकत असणार. मधेच ती छताकडे बघून म्हणाली, “वाटी मीच उचलली. पोरीनं नाय.” समोर कोणी नव्हतं. ती कोणाला सांगत होती, मी विचारलं नाही.

नात आली तेव्हा दिवे लागले होते. ती दारातून पळत आली नाही, चालत आली. मला वाटलं, झालं. ती खाटेशी आली, जाऊचा हात धरला आणि म्हणाली, “सोडियमवाला आहे. बेरियम नाहीये. सरांनी दोनदा बघितलं.”

तिनं त्या दगडाचं नावही सांगितलं. परदेशी नाव होतं, मला म्हणता आलं नाही. तो म्हणे फार थोड्या ठिकाणी सापडतो, आत लांब साखळ्यांची मांडणी असते, मधे पाण्याला जागा असते, आणि सोडियम त्या जागांत बसलेला असतो.

“सर रागावले का?” मी विचारलं.

“रागावले. पण नंतर.”

“किती उरलाय?”

“तो कागदातला होता तेवढाच.”

डॉक्टरनं ऐकलं आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला. तरी रात्रभर ठेवणार म्हणाला, कारण दगड नसला तरी भगर आहेच. जाऊनं त्याला जवळ बोलावलं.

“डॉक्टर, एक विचारू?”

“विचारा, आजी.”

“शेंदेलोण म्हणून दगड खाल्ला तर उपास मोडतो का वो?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “माझ्याकडे बघू नका. मी तर भगरच खात नाय.”

सकाळी वायरी काढल्या. जाऊच्या बोटांच्या मुंग्या गेल्या होत्या, पोट दोघींचं साफ झालं होतं. आम्ही दोघीही जगलो.